काथोड गोमा म्हात्रे आणि दिल्लीचे खातेवाटप

अर्जदार : कै. काथोड गोमा म्हात्रे, वय पंचाहत्तरच्या पुढे (जन्माची नोंद नाही), पूर्वीचा धंदा मिठागरावर मजुरी व नंतर मुकादमी, राहणार कोलशेतच्या पुढील खाडीकाठची वस्ती, ठाणे.

प्रतिवादी : कोणी नाही. अर्जदाराची कोणाविरुद्ध तक्रार नव्हती, मागणी होती.

घटनेची तारीख : केंद्रीय मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला ती संध्याकाळ, आणि त्यापूर्वीच्या तशाच कित्येक संध्याकाळी.

साक्षीदार : एक, हिराबाई काथोड म्हात्रे, पत्नी. दोन, जनार्दन म्हात्रे, पुतण्या, रिक्षाचालक. तीन, प्रस्तुत लेखक.

वरील तपशील नेहमीच्या रीतीने दिला, कारण मला दुसरी रीत येत नाही. मी ठाण्यात सरकारी कचेऱ्यांच्या बाहेर पत्र्याच्या शेडखाली अर्ज लिहून देतो. माझे शिक्षण नववीत थांबले, हे मी कोणापासून लपवलेले नाही. मात्र माझ्या मसुद्यातला शब्द बदलावा असे आजवर एकाही वकिलाला वाटले नाही, हेही नमूद करणे भाग आहे. या धंद्यात माणसे येतात, दुःख सांगतात, कागद घेऊन जातात आणि बहुधा पुन्हा दिसत नाहीत. काथोडबाबा पुन्हा पुन्हा आले. प्रत्येक लोकसभा निवडणुकीनंतर आले, आणि मंत्रिमंडळात फेरबदल झाला की मध्येच आले. या देशाचे मंत्रिमंडळ कसे बनते हे मला जे काही समजते, ते त्यांच्या येण्यामुळे समजते.

ते पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. अर्ज पूर्ण होऊन वाचून दाखवीपर्यंत उभे राहायचे, असा त्यांचा नियम होता आणि तो शेवटपर्यंत टिकला. पांढरी टोपी, पांढरा लेंगा, सदरा. पायांत वहाण असली तरी टाचांकडे पाहून कळत असे की हे पाय मिठाच्या पाण्यात वाढलेले आहेत. मी वाक्य वाचायचो आणि ते 'हां' म्हणायचे. ज्या वाक्यानंतर 'हां' आले नाही ते मी खोडायचो. असा अंमल मी दुसऱ्या कोणा गिऱ्हाइकाचा चालू दिला नसता. पहिल्याच अर्जात मी 'आम्ही गरीब व निराधार लोक' असे लिहिले होते. वाचून झाल्यावर 'हां' आले नाही. मी पुन्हा वाचले. तेव्हा ते म्हणाले, "गरीब कशाला लिवतंस, मास्तर? आमी गरीब नाय. आमी आधीचे हाव."

मी मास्तर नाही, हे त्यांना एकदा सांगून पाहिले. त्यांनी त्यालाही 'हां' म्हटले नाही.

मागणी साधी होती. त्यांच्या वस्तीतली घरे जुन्या मिठागराच्या कडेला, बांधाच्या आतल्या अंगाला उभी आहेत. मीठ पिकत होते तेव्हा मजुरांनी तिथेच राहावे अशी मालकाचीच सोय होती. पुढे मीठ थांबले, मालक गेला, माणसे राहिली. महापालिकेने नळ दिला, विजेचा मीटर आला, मतदार यादीत नावे आली. परंतु जमीन केंद्र सरकारच्या एका खात्याची. महापालिका म्हणे राज्याकडे जा, राज्य म्हणे केंद्राकडे जा, आणि केंद्रात त्या खात्याचा मंत्री कोण, हे दर काही वर्षांनी नव्याने ठरे. घराखालची जमीन घराच्या नावे करावी, निदान घर हलवू नये, एवढे एका मंत्र्याच्या सहीने होण्यासारखे होते. तसे काथोडबाबांना कोणीतरी कधीतरी सांगितले होते, आणि मी कायदा पाहिला तर ते अगदीच चूक नव्हते.

मी त्यांना म्हटले होते, "माननीय मंत्री, अमुक खाते, असे लिहू. मंत्री बदलला तरी अर्ज चालेल." यावर त्यांचे उत्तर मला अजून पाठ आहे.

"खुर्चीला लिवलास तं खुर्ची वाचंल का? मानसाला लिव."

म्हणून प्रत्येक वेळी नाव हवे. नाव हवे म्हणून खातेवाटप हवे. आणि खातेवाटप हवे म्हणून ती सगळी वाट पाहणे आले. निकाल लागायचा, कोणाला बहुमत, कोणाला थोडे कमी. मग मित्रपक्षांची बोलणी, कोणाला किती मंत्री, कोणी कोणत्या खात्यावर अडून बसले, कोण रुसून आपल्या राज्यात परतले. मग सकाळी भावी मंत्र्यांना फोन, त्यांना चहाला बोलावणे, संध्याकाळी शपथ. शपथ झाली तरी खाते नसते. ते दुसऱ्या दिवशी, कधी आणखी उशिरा. या मधल्या वेळात काथोडबाबा माझ्या शेडखाली येऊन उभे राहत आणि मी इतरांचे उत्पन्नाचे दाखले लिहीत असे.

दिल्लीच्या मंत्रिमंडळाकडे ते लग्नाच्या घराकडे पाहावे तसे पाहत. कोणाला मान मिळाला, कोणाला मांडवात मागे बसवले, कोणत्या घरचा माणूस आलाच नाही, हे त्यांना आधी दिसायचे. आमच्या महाराष्ट्राच्या वाट्याला किती आले, कोकणाचा कोणी आहे का, आगऱ्याकोळ्यांचा कोणी आहे का, हे ते विचारत. कॅबिनेट मंत्री आणि राज्यमंत्री यांतला फरक मी त्यांना समजावला तेव्हा ते म्हणाले, म्हणजे एकाने बोलायचे आणि एकाने उभे राहायचे. मी म्हटले, साधारण तसेच.

त्यांना पाकिटातले मीठ आवडत नसे. शेडशेजारच्या टपरीवर भजी घेतली की मीठ चाखून ते तोंड वाकडे करत आणि म्हणत, यात समुद्र नाही. टपरीवाला उत्तर प्रदेशचा. तो त्यांना चिडवायचा, "बाबा, दिल्ली को बोलो, नमक वापस चालू करे." बाबा गंभीरपणे मान डोलवत. त्यांच्या हिशेबी तीही एक रास्त मागणी होती, फक्त या अर्जात बसत नव्हती.

एका निवडणुकीनंतर त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली. त्यांचे म्हणणे असे की, मंत्री खात्यात रुळला की त्याला नाही म्हणायला शिकवतात. पहिल्या दिवशी तो फक्त पुष्पगुच्छ घेत असतो, तेव्हा त्याच्या टेबलावरचा पहिला कागद आपला असला पाहिजे. त्यासाठी खातेवाटपाच्या आधीच अर्ज निघायला हवा. शपथविधी पाहून त्यांनी माणूस हेरला. पांढऱ्या मिशांचा, धोतर नेसलेला, शपथ वाचताना अडखळलेला. "यो शेतातला हाय. मीठ याला समजंल." मी सावध केले, की हे असे ठरत नसते. त्यांनी 'हां' म्हटले नाही. अर्ज त्या गृहस्थांच्या नावे गेला. दुसऱ्या संध्याकाळी खातेवाटप झाले आणि त्या गृहस्थांना गुरेढोरे, दूध यांचे खाते मिळाले.

काही काळाने पोच आली. छापील, खाली शिक्का. आपला अर्ज मिळाला, योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात येत आहे. पुढे अर्थातच काही झाले नाही. परंतु एवढ्या वर्षांत दिल्लीहून बाबांच्या नावाने आलेला तो पहिला कागद होता. त्या दिवसापासून ते गुराढोरांचे मंत्री त्यांच्या लेखी देशातले सर्वांत चांगले मंत्री झाले. टीव्हीवर त्यांचा चेहरा दिसला की वस्तीत सर्वांना गप्प बसवत. पुढे फेरबदलात त्या गृहस्थांना वगळले, तेव्हा काथोडबाबा केवळ ते सांगायला कोलशेतहून माझ्याकडे आले. काम काही नव्हते. उभे राहिले, म्हणाले, "चांगल्याला ठेवीत नाय," आणि गेले.

आता मुख्य प्रकरण.

त्यानंतरच्या एका निवडणुकीत आमच्या जिल्ह्यातले एक खासदार मंत्री होणार अशी हवा झाली. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. ते आता राजकारणात नाहीत. पक्ष लहान, पण सरकारला त्याची गरज होती. वर्तमानपत्रांत नाव आले, एवढेच नव्हे तर खातेही आले, आणि ते नेमके आमचेच खाते होते. मला वाटते, काथोडबाबांच्या आयुष्यात तेवढे सरळ काही त्याआधी घडले नव्हते. दिल्लीतले अनोळखी नाव शोधायचे नाही, अर्ज टपालाने टाकायचा नाही. माणूस कल्याणचा, हळदीला, लग्नाला येणारा, बाबांना नावाने ओळखणारा.

आमच्याकडे सत्काराची एक रीत आहे, ती बाहेरच्यांना चमत्कारिक वाटेल. पद मिळाल्यावर सत्कार करायला सारेच धावतात. त्या गर्दीत आपले तोंड लक्षात राहत नाही. म्हणून पद मिळायच्या आधी जो शाल घालतो तो खरा आपला. खासदारसाहेब शपथविधीसाठी दिल्लीला निघाले, तेव्हा विमानतळावर जाताना वाट वाकडी करून त्यांनी वस्तीत पाच मिनिटे यावे, अशी गळ बाबांनी घातली. साहेब आले. त्यांना अजून दिल्लीचा फोन आलेला नव्हता, पण चेहऱ्यावरून तो आल्यासारखाच होता. मुख्य रस्त्याच्या वळणावर जनार्दनने मोठा बॅनर लावला होता : केंद्रीय मंत्रिपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली साहेबांचा फोटो आणि कोपऱ्यात, टोपीसह, काथोडबाबांचा. हिराबाईंनी ओवाळले. शाल, श्रीफळ झाले. बाबांनी अर्ज हातात दिला. साहेबांनी तो उंच धरून सर्वांना दाखवला आणि म्हणाले, "पहिली सही याच कागदावर होणार."

मी तिथे हजर होतो. मसुदा माझा होता. हे वाक्य मी साक्षीवर सांगू शकतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वस्तीच्या समाजमंदिरात टीव्ही लावला. बाया, पोरे, म्हातारे, सगळे खाली बसलेले. आधी पंतप्रधान, मग मोठे मंत्री, मग स्वतंत्र कारभाराचे राज्यमंत्री, मग नुसते राज्यमंत्री. एकेक नाव पुकारले जात होते. प्रत्येक नावाला जनार्दन म्हणायचा, आता येईल. राष्ट्रगीत सुरू झाले तेव्हा सगळे उठून उभे राहिले, आणि उभे राहिल्यावर कळले की नाव आलेले नाही. साहेबांच्या पक्षाचा एक मंत्री झाला होता. तो दुसऱ्या जिल्ह्याचा.

जनार्दनला त्याच रात्री बॅनर उतरवायचा होता. बाबांनी मना केले. त्यांचा विचार मला त्या वेळी पटला होता आणि आजही मला तो वाईट वाटत नाही. माणूस पडला म्हणून लगेच त्याचा फोटो उतरवला, तर त्याला काय वाटेल? दारातून पाहुणा गेला नाही तोच ताट उचलल्यासारखे ते होईल. चार दिवस राहू दे. साहेब परत येतील, पाहतील, म्हणतील की ही माणसे आपली आहेत.

साहेब परत आले, आणि त्यांनी तो पाहिलाच. त्यांच्या आधी विरोधकांनी पाहिला. वळणावर उभे राहून फोटो काढला आणि तो जिल्ह्याच्या प्रत्येक मोबाइलवर फिरला. कल्याणपासून कळव्यापर्यंत लोक हसत होते. काथोडबाबांचा चेहराही त्या फोटोत कोपऱ्यात होताच. ज्या वस्तीने सर्वांत आधी मान दिला, तिनेच सर्वांत जास्त शरम आणली, असा त्याचा अर्थ निघाला. आणि साहेबांचा राग दिल्लीवर निघू शकत नव्हता, तो तेथून वळून कोलशेतवर आला.

यानंतर रोज सकाळी बाबा ठाण्याहून कल्याणला साहेबांच्या कार्यालयात जाऊन बसू लागले. बसत म्हणजे उभे राहत. साहेबांचे स्वीय सहायक हे सुशिक्षित, बोलायला मऊ. ते म्हणत, साहेब दौऱ्यावर आहेत. साहेब आतल्या खोलीत असताना म्हणत. एकदा मी सोबत होतो. सहायकांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "अहो, तुम्ही समजूतदार दिसता. यांना सांगा ना, साहेबांसमोर यांचं नावसुद्धा निघालेलं चालत नाही." मी हे बाबांना सांगितले नाही. सांगायची गरज नव्हती. त्यांचे कान शाबूत होते.

याच सुमारास वस्तीत मोजणी झाली. माणसे आली, फीत धरली, प्रत्येक दारावर लाल रंगाने आकडा काढला आणि गेली. पाठोपाठ नोटीस. घरे रिकामी का करू नयेत, याचा खुलासा करावा. म्हणजे आता मागणी उरली नव्हती, मुदत होती. खुलासा मीच लिहिला आणि मुदत वाढवून घेतली. तो मसुदा पाहून एका वरिष्ठ कारकुनाने मला चहा पाजला होता. परंतु मुदत वाढते, म्हणजे संपत नाही एवढेच. घर वाचवायचे तर मंत्र्याची सही, हे जिथल्या तिथे होते.

मग बाळकुमला एका लग्नाची हळद होती. आमच्याकडच्या हळदीला नेता आला नाही तर घरच्यांना अपमान वाटतो, म्हणून साहेब आले. बँजो वाजत होता, माणसे नाचत होती. काथोडबाबा गर्दीतून सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. मी आणि जनार्दन मागे होतो. आता काहीतरी बोलाचाली होणार म्हणून जनार्दनने बाबांचा दंड धरला. साहेबांनी मात्र हात जोडले. ते दमलेले दिसत होते. मला त्या क्षणी त्यांच्याविषयी राग वाटला नाही.

ते म्हणाले, "काथोडबाबा, तुम्ही मला मंत्री केलंत, दिल्लीनं केलं नाही. आता त्या खात्यात मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

बाबा म्हणाले, "तोंड नको नेव. माझा कागद ने."

बँजो चालूच होता. साहेबांनी हात पुढे केला. बाबांनी सदऱ्यातून अर्जाची प्रत काढून दिली. ते अर्जाशिवाय बाहेर पडत नसत. साहेबांनी ती घडी करून जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली, नवऱ्या मुलाला हळद लावली आणि गेले. तो कागद दिल्लीला पोहोचला की जाकीट धुवायला गेले तेव्हा निघाला, हे मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही. काही चौकशांचे उत्तर लिहून द्यायला माणसाजवळ दम राहत नाही.

पुढची निवडणूक आली. साहेब हरले. नवे सरकार बनत होते. पुन्हा मित्रपक्ष, पुन्हा कोण कोणत्या खात्यावर अडून बसले याच्या बातम्या. या वेळी बाबा माझ्याकडे आले नाहीत. छातीत पाणी झाले होते. शपथविधीच्या संध्याकाळी जनार्दन मला रिक्षातून न्यायला आला; बाबांनी अर्ज घेऊन बोलावले होते. मी मसुदा ताजा केला, मंत्र्यांच्या नावाची जागा मोकळी सोडली आणि गेलो.

बाबा खाटेवर उशांना टेकून बसले होते. उभे राहता येत नव्हते, त्याचा त्यांना संकोच वाटत होता. म्हणून मीच उभा राहून अर्ज वाचला. 'हां' म्हणताना दम लागत होता, तरी जिथे म्हणायचा तिथला एकही 'हां' त्यांनी गाळला नाही, आणि एका ठिकाणी मुद्दाम म्हटला नाही. तिथे मी 'अर्जदार वृद्ध व आजारी असून' असे घातले होते. खोडले. हिराबाईंनी पेन त्यांच्या बोटांत नीट बसवून दिले. त्यांनी सही केली. मुकादमी मिळाली तेव्हा ते सही शिकले होते. प्रत्येक अक्षर वेगळे काढत.

मी सांगितले की उद्या खातेवाटप झाले की नाव भरतो आणि टपालात टाकतो. ते टीव्हीकडे पाहत होते. आवाज बंद ठेवला होता. हिराबाईंना बातम्यांमागच्या वाजंत्रीचा त्रास होत असे. पडद्यावर एकेक मंत्री येत होता, शपथ घेत होता, मग बाजूच्या टेबलाशी जाऊन वहीत वाकून सही करत होता, राष्ट्रपतींना नमस्कार करून जागेवर जात होता. त्यानंतर दुसरा. बाबा कितीतरी वेळ ते पाहत राहिले. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, "बघ मास्तर. सही येते सगल्यांना."

मी दाराशी आलो, वहाणा घातल्या. मागे पाहिले तेव्हा ते अजून पडद्याकडेच पाहत होते, टोपी डोक्यावर नीट होती, आणि हिराबाई त्यांच्या बोटाला लागलेली शाई पदराने पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. खातेवाटप संध्याकाळी जाहीर झाले.

सबब, ज्यांच्याकडे ते खाते आले आहे त्या माननीय मंत्रिमहोदयांस विनंती, की सोबतच्या अर्जावरील सही अर्जदार हयात असताना, पूर्ण शुद्धीत, दोन साक्षीदारांसमक्ष केलेली आहे. आपले नाव त्यांच्या मृत्यूनंतर भरले गेले, तो विलंब अर्जदाराकडून झालेला नाही. अर्जदार मयत या कारणाने अर्ज निकाली काढू नये. वारस म्हणून पत्नी हिराबाई यांचे नाव लावून घ्यावे. मागणी मान्य नसेल तर तसे स्पष्ट लिहावे, त्यास हरकत नाही. मात्र उत्तर 'योग्य त्या विभागाकडे' न पाठवता वर दिलेल्या पत्त्यावरच पाठवावे, आणि तो पत्ता जागेवर आहे तोवर पाठवावे, ही नम्र प्रार्थना.

कळावे.

अर्जदाराकरिता,
अर्जलेखक, ठाणे